भाकरीवाचून नऊ दिवस

शारदीय नवरात्र हा आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसून सुरू होणारा आणि दसऱ्याला आटोपणारा देवीचा उत्सव आहे. तो महाराष्ट्रभर साजरा होतो. पण सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला तो टाळण्याची सोयच नाही. गावाच्या पूर्वेला, बार्शीवरून शंभरेक किलोमीटरवर तुळजापूरची भवानी. दहा-पंधरा किलोमीटरवर माढ्याची माढेश्वरी. वायव्येला करमाळ्याची कमलाभवानी आणि दक्षिणेला पंढरपूर. म्हणजे तीन बाजूंनी नवरात्र आणि चौथ्या बाजूने एकादशी. अशा नाकेबंदीत राहणाऱ्या माणसांनी उपवासाचे स्वतंत्र शास्त्र तयार केले नसते तरच नवल.

या शास्त्रातली मूळ व्याख्या सोपी आहे. ज्या दिवशी भाकरी खाल्ली जात नाही, तो उपवासाचा दिवस. ज्वारीच्या मुलखात भाकरी म्हणजे जेवण. बाकी सारे तोंडात टाकायचे पदार्थ. सकाळी पोहे, दहा वाजता चार इडल्या आणि दुपारी दोन वडापाव खाल्लेला इसम संध्याकाळी घरी येऊन ‘सकाळपासून पोटात काही नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. भाकरी झालेली नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. ही व्याख्या ध्यानात ठेवली की नवरात्राचे पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात.

पंचांगात नवरात्र प्रतिपदेला सुरू होते. घरात ते पितृपंधरवड्यातच सुरू होते. घट बसायच्या आत घर धुऊन निघाले पाहिजे, हा पहिला दंडक. वाकळा, चादरी, पडदे, सतरंज्या गाडीत भरून कॅनॉलवर किंवा शेतातल्या बोअरवर नेतात. माळ्यावरची पितळेची भांडी खाली येतात, चिंच लावून घासली जातात आणि पुन्हा माळ्यावर जातात. वर्षातला त्यांचा हा एकमेव प्रवास. जे हलवता येते ते बाहेर नेऊन धुवायचे आणि जे हलवता येत नाही ते जागच्या जागी पुसायचे, असा साधारण नियम आहे. घरातले पुरुष यातल्या कोणत्या वर्गात मोडतात, हे त्यांच्या वयावर ठरते.

नेमक्या याच दिवसांत तुळजापुरात देवी झोपलेली असते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवता येते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत देवीची घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. या तिन्ही मिळून वर्षाचे एकवीस दिवस भरतात. श्रम निद्रेचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून आणि पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. उत्सवाआधी विश्रांती आणि उत्सवानंतर विश्रांती, असे हे शहाणपणाचे वेळापत्रक आहे. मात्र तिच्या नावाने घट बसवणाऱ्या बाईला ते लागू होत नाही. देवी ज्या अष्टमीला निजते त्या अष्टमीला ती कंबर कसते, आणि कोजागरीला सगळे उरकले म्हणून टेकावे, तर त्या रात्री जागायचेच असते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मंडळांची पोरे ज्योत आणायला तुळजापूरला जातात. जाताना टेम्पो, येताना पाय, अशी या मोहिमेची रचना असते. देवीपाशी पेटवलेली ज्योत हातात घेऊन अनवाणी पळत गावापर्यंत आणायची. अंतर मोठे आणि गडी पुष्कळ, म्हणून पाळ्या लावून पळतात. पाळी नसलेले टेम्पोत बसून ‘आई राजा उदो उदो’चा गजर करतात आणि पळणाऱ्याला वेग वाढवण्याचा सल्ला देतात. टी-शर्टावर पुढच्या बाजूला मंडळाचे नाव आणि पाठीवर टी-शर्ट देणाऱ्या भावी नगरसेवकाचे नाव असते. मागून येणाऱ्या वाहनांना त्यामुळे बार्शीपासून कुर्डुवाडीपर्यंत पाठच वाचायला मिळते. निवडणूक जवळ आलेल्या वर्षी टी-शर्टाचे कापड चांगले असते.

घट बसवण्याचा विधी शेतीचा आहे, हे तो पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई असे धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. वर विड्याची पाने आणि नारळ. शेजारी अखंड दिवा. रोज एक माळ चढते. पहिली बहुधा विड्याच्या पानांची, पुढे झेंडू, कारळा आणि माळावर याच दिवसांत पिवळाधमक फुलणारा तरवड. वर गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेच्या, तळलेल्या कडाकण्या टांगतात. कडाकणी हा नवरात्रातला सर्वांत अवघड पदार्थ आहे. कारण ती लहान मुलांच्या डोळ्यांसमोर नऊ दिवस लोंबकळते आणि खायची नसते.

घट मातीचा असल्याने त्यातले पाणी पाझरत राहते आणि पेरलेल्या धान्याला बेताची ओल मिळते. देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, म्हणून रोप उजेड शोधत उंच वाढते आणि पिवळे पडते. वनस्पतिशास्त्र याला प्रकाशाचा अभाव म्हणते, घरचे लोक याला देवीची कृपा म्हणतात; रोप दोघांचेही ऐकत नाही. सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे घट ही पेरणीच्या तोंडावर घरोघर होणारी बियाण्याची उगवण चाचणी आहे. मालदांडी ज्वारीचा प्रसिद्ध वाण ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आला, ते केंद्र याच जिल्ह्यात आहे. पण तिथला अहवाल येण्याआधी आजीचा अहवाल आलेला असतो. ‘औंदा जवारी चांगली हाय, हरभऱ्याचं काय खरं न्हाई,’ असे ती परडीकडे पाहून जाहीर करते. पाचव्या माळेनंतर शेजारपाजारच्या घटांची तुलना सुरू होते.

‘तुमचं धान लई वर आलंय की, वैनी.’

‘पाणी जास्त झालंय, दुसरं काय न्हाई,’ असे नम्र उत्तर येते. ज्यांचे धान वर आलेले नसते त्यांच्या घरी माती बरी नव्हती, असे ठरते.

उपवास करणाऱ्यांचे पाच वर्ग आहेत. पहिला निरंकार करणाऱ्यांचा. हे लोक संख्येने अत्यंत थोडे, बोलायला त्याहून थोडे आणि त्यांच्याविषयी विनोद करण्याची कोणाची हिंमत नाही. दुसरा, नऊही दिवस फराळावर राहणाऱ्यांचा. तिसरा, धान्य भाजून त्याचे पदार्थ खाणाऱ्यांचा. यांच्यात भाकरीही भाजलेल्या पिठाची चालते, म्हणून शास्त्राच्या मूळ व्याख्येपुढे हा वर्ग थोडा अडचणीचा आहे. चौथा, उठता-बसता उपवास करणाऱ्यांचा. हे घट बसताना एक दिवस आणि उठताना एक दिवस उपवास धरतात आणि मधल्या सात दिवसांचे पुण्य हिशेबात धरून चालतात. पाचवा वर्ग सर्वांत मोठा. यांना उपवास नसतो, फक्त फराळ असतो. घरात खिचडी झालेलीच आहे तर थोडी घ्यावी, म्हणून ते बशीभर खातात आणि नंतर जेवायला बसतात.

फराळाच्या पदार्थांत अग्रमान शाबूला. शाबू हा बहुतेक सगळा पिष्टमय पदार्थ. शंभर ग्रॅम कोरड्या शाबूत सुमारे साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने नावाला. ती उणीव भरून काढायला त्यात शेंगदाण्याचा कूट पडतो, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. वरून तूप, सोबत बटाटा, बाजूला दही. एवढा ऐवज पोटात गेल्यावर माणूस ‘आज जरा अशक्त वाटतंय, उपवास आहे ना’ म्हणून आडवा होतो. अशक्तपणा खरा असतो. कारण मात्र त्याने सांगितले त्याच्या उलट असते.

या फराळाचा इतिहास पाहिला तर देवीची थोडी पंचाईत होते. शाबू ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच, आणि मिरची व रताळेही अमेरिका खंडातले. शाबूचा धंदा भारतात तमिळनाडूतल्या सेलमभोवती फोफावला, तो दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला तेव्हा. महिषासुराच्या वधाच्या वेळी यांपैकी एकही वस्तू इकडच्या बाजारात नव्हती. राजगिराही मूळचा अमेरिकेचा. पण त्याचे प्रकरण वेगळे आहे. मेक्सिकोतले अझटेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधात मळून त्याच्या देवमूर्ती घडवत आणि पूजा झाल्यावर त्या वाटून खात. तेव्हा फराळाच्या ताटात देवधर्माचा पिढीजात अनुभव असलेला परदेशी पाहुणा म्हणजे राजगिऱ्याचा लाडूच.

भगर मात्र इथलीच. भगर हे भरडधान्य आहे, ज्वारीही भरडधान्य आहे, दोन्ही गवताच्याच कुळातली. तरी भगर उपवासाला चालते आणि ज्वारी चालत नाही. याचे कारण कोणत्याही ग्रंथात शोधण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी होते. भगरीची शेंगदाण्याच्या आमटीबरोबर भरपेट थाळी होते, पण ते जेवण नव्हे. जुन्या किंवा ओल लागलेल्या भगरीला बुरशी धरते आणि तिच्यातून विषबाधा होते. जवळपास दर नवरात्रात अशा बातम्या येतात. म्हणून अन्न व औषध प्रशासन दरवर्षी बजावते, की भगर बंद पाकिटातली घ्या, निवडून धुऊन घ्या, सुट्टे पीठ घेऊ नका. उपवासात खरोखर पाळावा असा हा एक नियम आहे, आणि तो धर्माने घातलेला नाही म्हणूनच बहुधा तो कमी पाळला जातो.

बाकी नियमांचा उगम एकाच वाक्यात आहे: ‘आमच्यात चालतं’ किंवा ‘आमच्यात चालत न्हाई.’ या वाक्यावर अपील नाही. जिरे, कोथिंबीर, हळद, आले, शेंगतेल, काकडी, भेंडी या प्रत्येकावर घरोघर वेगळा निकाल लागलेला आहे. सोलापूरची शेंगाचटणी एरवी ताटात असायलाच हवी. लसणामुळे नवरात्रात ती हद्दपार होते आणि बिनलसणाची चटणी तिच्या जागी बदलीवर येते. हे निकाल राबवण्याची पद्धत मात्र मवाळ आहे. शेजारच्या आक्का फराळाला येतात, बशी हातात घेतात आणि घास घेण्याआधी चौकशी करतात.

‘वैनी, कोथमीर टाकलीया व्हय खिचडीत?’

‘टाकली की. का हो?’

‘आमच्यात चालत न्हाई.’

‘आगं बाई! मग बिनकोथमिरीची करू का दुसरी?’

‘ऱ्हाऊ द्या आता. पडलीच हाय तर.’

कुर्डुवाडी हे रेल्वेने वसवलेले गाव असल्यामुळे इथे ‘आमच्यात’ला अंत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५९ मध्ये इथवर आला. स्टेशनाचे नाव तेव्हा बार्शी रोड होते. १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पसरली आणि तिचा कारखाना कुर्डुवाडीत आला. अशा जंक्शनच्या गावात नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची माणसे येतात आणि आपापला उपवास सामानाबरोबर आणतात. उत्तरेकडचा माणूस साध्या मिठाला शिवत नाही, सैंधव लागते. मात्र कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या तो खुशाल खातो. पुरीसारखी दिसणारी वस्तू उपवासाला चालते हे पाहून सोलापुरी शेजारी हादरतो. आणि आपण खिचडीत मीठ साधे टाकतो हे कळल्यावर उत्तरेकडचा हादरतो. दोघेही एकमेकांच्या घरी भरपूर खातात. स्टेशनबाहेरच्या हॉटेलांवर ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ अशी पाटी लागते. शाबूवडा आणि बटाटेवडा यांच्या पराती वेगळ्या असतात. कढई एकच असते. पण गिऱ्हाईक परातीकडे बघते.

उपवासाखेरीज आणखी काही नेम धरले जातात. नऊ दिवस दाढी न करणे, गादीवर न झोपणे आणि पायात वहाण न घालणे हे त्यांतले मुख्य. पहिला नेम पुरुषांना फार आवडतो. दुसऱ्यात गादीची जागा एकावर एक घातलेल्या चार वाकळा घेतात; वाकळ म्हणजे गादी नव्हे, यावर एकमत आहे. अनवाणी राहणे मात्र खरे कठीण. पावसाळा ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापलेले असते. भरदुपारी डांबरी रस्ता ओलांडणारा भक्त आधी समोरच्या झाडाची सावली हेरतो, मग दुभाजकाची, मग उभ्या रिक्षाची. आणि या तीन मुक्कामांवरून तो कोणाशीही न बोलता झपाझप पलीकडे पोचतो. तरुण भक्तांनी यावर मोटारसायकलचा उपाय काढला आहे. त्यांच्या पायात चप्पल नसते, आणि पाय जमिनीवरही फारसे नसतात.

नवरंगांचा नेम सर्वांत अलीकडचा. कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची साडी, हे पुराणात नसून वृत्तपत्रात छापून आले, आणि गेल्या वीसेक वर्षांत ते पुराणाहून जास्त पाळले जाऊ लागले. वाराप्रमाणे रंग ठरतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी राखाडी. खरी परीक्षा शनिवारची, कारण राखाडी साडी हौसेने कोणी घेतलेली नसते. बँक, शाळा, दवाखाना, पंचायत समिती सगळीकडे त्या त्या रंगाचे फोटो निघतात. त्या दिवशी कचेरीत काम घेऊन गेलेल्या माणसाने रंग चुकवला असेल, तर त्याला दुष्टाव्याने नव्हे, पण जरा परका म्हणून पाहिले जाते.

देवदर्शनाच्या फेऱ्या बहुधा मंगळवारी, शुक्रवारी आणि अष्टमीला होतात. माढेश्वरीला पहाटे चालत जाणारे असतात. करमाळ्याच्या कमलाभवानीचे देऊळ अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधले आणि तिथे शहाण्णव या आकड्याला मान आहे: खांब शहाण्णव आणि विहिरीच्या पायऱ्याही शहाण्णव. त्या उतरून पुन्हा चढल्यावर, सकाळी फक्त फराळ केला होता याची आठवण पहिल्यांदा होते. संध्याकाळी मंडळात आरती, आराध्यांची गाणी, संबळ, जोगवा, आणि मग पैठणी जिंकण्याचे खेळ. पैठणी एक, सुना शंभर आणि सासवा प्रेक्षकांत, अशी मांडणी असल्याने हा खेळ रंगतोच.

अष्टमीला होम, खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पान्हे, हातोडे, कात्री, वजनकाटा, ट्रॅक्टर, एसटी, जीप या सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. वर्षभर शिव्या खाल्लेल्या स्कूटरलाही त्या दिवशी नारळ फुटतो. घट नवमीला उठवायचे की दशमीला, याचा निर्णय अर्थातच ‘आमच्यात’ या कलमाखाली लागतो. पारण्यावरून वाद होणे या भागाला नवे नाही. शेजारच्या बार्शीत भगवंताचे देऊळ आहे. अंबरीष राजाची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. अंबरीषाने द्वादशीची वेळ टळू नये म्हणून दुर्वास ऋषी स्नानाहून परतण्याआधी नुसत्या पाण्याने पारणे फेडले, आणि एवढ्यावरून दुर्वासांनी आकाशपाताळ एक केले. तेव्हापासून पाहुणा येण्याआधी पुरणपोळीला हात लावू नये हा धडा घरोघर शिकवला जातो, आणि पोरे तो स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाळतात.

दसऱ्याला परडीतले पिवळे धान टोपीत, फेट्यात, वेणीत खोवतात, आपट्याची पाने वाटतात आणि वेशीबाहेर जाऊन सीमोल्लंघन करतात. त्यानंतर पौर्णिमेसाठी तुळजापूरची वाट चालणाऱ्यांचे जथे निघतात, आणि त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला चहा, केळी आणि पुन्हा खिचडी घेऊन लोक उभे असतात. भाकरी मात्र दसऱ्यानंतर ताटात परतते, आणि दोन घास पोटात गेल्यावर घरातला कर्ता पुरुष ‘आता कुठं जेवल्यासारखं वाटलं’ असा शेरा मारतो. नऊ दिवसांत त्याचे वजन वाढलेले असले तरी हा शेरा खरा मानावा. या मुलखात भूक पोटाला लागत नाही, भाकरीला लागते. आणि ती नऊ दिवस सोडणे हा उपवासच आहे.

नवरात्रात कुर्डुवाडीला कोणाच्या घरी जाण्याचा योग आला, तर ‘जेवलात का?’ असे विचारू नये. ‘फराळ झाला का?’ असे विचारावे. ‘झाला’ असे उत्तर आले तरी बशी पुढ्यात येणारच, म्हणून जाताना काही खाऊन जाऊ नये. आणि खिचडीत कोथिंबीर दिसली, तर ती ज्या घरची आहे त्या घरचा कायदा लागू होतो, हे लक्षात ठेवून मुकाट्याने खावी.